एकदाच वाचलेली सूचना

शालू,

सगळे म्हणतात, तू झोपेत गेलीस, कुणाला काही करावं लागलं नाही, असं मरण भाग्याचं. तुझ्या घरी येऊन गेलेल्या प्रत्येक बाईने मला हेच सांगितलं आणि मी प्रत्येकीपुढे मान हलवली. सांत्वनाला आलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. पण तुझ्याशी वाद घालायची माझी सवय जवळजवळ पन्नास वर्षांची आहे, आणि आपला शेवटचा वाद अर्ध्यावर राहिला आहे. म्हणून तुझ्याशीच बोलते. लिहून ठेवते आहे ते मात्र ईशान आणि तारासाठी. तुझ्या दादांची ही नातवंडं तुला फक्त मोबाइलच्या पडद्यावर भेटली. दर शनिवारी फोनवर शिकवून मी त्यांना मराठी वाचण्याइतपत तयार केलं आहे. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. का, ते पुढे येईल.

मी लग्न होऊन सोनईला आले तेव्हा तू शाळकरी होतीस. माझ्या ट्रंकेत इंग्रजी पुस्तकं होती आणि गजराचं घड्याळ होतं, आणि दोन्हींचा मला अभिमान होता. पहिल्याच आठवड्यात मी तुला शाळेसाठी उठवायला दारातून मोठ्याने हाक मारली. सासूबाई चुलीपासून धावत आल्या आणि त्यांनी पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. आमच्यात झोपलेल्याला हाक मारत न्हाईत, म्हणाल्या. मग त्यांनी तुझ्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि तू डोळे उघडेपर्यंत नुसता धरून ठेवला. गजराचं घड्याळ त्याच दिवशी परत ट्रंकेत गेलं. कारण विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने. मी मनात म्हटलं, चार पिढ्या ख्रिस्ती होऊन झाल्या तरी ही भुताखेताची भीती काही गेली नाही. तुझ्या दादांना हे बोलूनही दाखवलं. ते हसले, पण अंगठा धरूनच उठवत राहिले, मला आणि पुढे आमच्या अजयलाही.

तू पडायचीस, हे तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं. शाळेत रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा देत, तिच्याजवळ बसलेली असलीस की पडायचीस. मागून कुणी परात पाडली की पडायचीस. लोक कांदा फोडून नाकाशी धरत, कुणी चप्पल हुंगवी. मिनिटाभरात तू उठून बसायचीस आणि आजूबाजूची गर्दी बघून रडायचीस. नगरच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. त्या तू किती वर्षं खाल्ल्यास, किती सुस्त होऊन शिवणयंत्रावर बसलीस, ते मी पाहिलं आहे. ‘फिटवाली शालू’ हे नाव तुला चिकटलं आणि मागण्या येऊन परत गेल्या. पस्तिशीला टेकल्यावर तुझं लग्न झालं, तेही बिजवराशी. काशिनाथराव भला माणूस होता. रेश्मा प्राथमिक शाळेत असतानाच ते गेले, आणि तू ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून तिला बी.कॉम. केलंस.

तुझ्या दादांच्या आजारपणात तू माझ्याकडे नगरला येऊन राहिलीस. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं पाणी मोजून द्यावं लागतं, चिडचिड सोसावी लागते. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं. तू ते वाचलं नाहीस. तू त्यांच्या उशाशी बसून लहानपणीच्या भांडणांच्या गोष्टी काढायचीस, आणि ते पाणी मागायचं विसरायचे. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून तू म्हणाली होतीस, ‘वहिनी, देव तुमच्या घरी आला तर आदी चपला वळीत लावंल, मंग आत यील.’ दादा हसता हसता खोकले. ते घरातलं त्यांचं शेवटचं मोठ्याने हसणं असावं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. माझ्याकडून असं फार राहतं.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू परत माझ्याकडे आलीस. ऑपरेशनआधी करतात तसा साधा ईसीजी झाला आणि ऑपरेशन थांबलं. नगरच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा पाहिला आणि आपल्याला पुण्याला पाठवलं.

पुण्याचे हृदयाचे डॉक्टर अजयपेक्षा लहान. ते ईसीजीवर पट्टी ठेवून मोजत होते. मग त्यांनी आपल्याला समजावून सांगितलं, आणि ईशान, तारा, हे तुम्ही दोनदा वाचा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विजेने पुन्हा भरून यावं लागतं. शालूच्या हृदयाला त्याला जास्त वेळ लागत होता. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण त्या रिकाम्या वेळात अचानक मोठा आवाज झाला, माणूस दचकलं, की ठोके एकमेकांवर आदळल्यासारखे वेडेवाकडे पडायला लागतात. डोक्याला रक्त पोहोचत नाही आणि माणूस पडतं. बहुतेक वेळा हृदय आपलं आपण ताळ्यावर येतं. एखाद्या वेळी येत नाही. फिट नव्हतीच. मेंदू चांगला होता, इतकी वर्षं गोळ्या मेंदूच्या चालल्या होत्या.

केव्हा केव्हा पडता, असं त्यांनी तुला विचारलं. तू घंटा सांगितलीस, परात सांगितलीस, काशिनाथराव गेल्याचा फोन पहाटे वाजला होता ते सांगितलंस. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं पडायचं का, झोपेत कुणी गेलं का. तुझा एक काका विशीत झोपेत गेला होता, सापाने डसलं असेल असं घरात म्हणत. आणि मग, काही संबंध नसल्यासारखं, तू अंगठ्याचं सांगितलंस. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. परत सांगा म्हणाले. तू परत सांगितलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ही पद्धत किती जुनी आहे. जिला मी भुताची भीती म्हणत होते ती तुमच्या घराने कुणाला कुणाला गमावून शिकलेली गोष्ट होती. कारण विसरून गेलं होतं, एवढंच.

रक्त तपासायला पाठवलं. काही आठवड्यांनी अहवाल आला, तो मी तुला वाचून दाखवला. एका जनुकात एका ठिकाणी बदल. काका तसा गेला म्हणजे वडिलांकडूनच आलेला असणार. मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलाच्या वेळी पुन्हा निम्मी. मिळाला तरी एखादा माणूस जन्मभर पडत नाही, आणि पुढे देतो मात्र. कधी कधी ईसीजीही चांगला येतो, म्हणून रक्तच तपासावं लागतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘बापानं दागिना न्हाई घातला, ह्ये घातलं.’ डॉक्टर हसले.

रोजची गोळी तू कबूल केलीस. छातीत यंत्र बसवायला नाही म्हणालीस. कुठली औषधं चालणार नाहीत त्याची त्यांनी यादी दिली, कारण साध्या जुलाबाच्या, सर्दीच्या, उलटीच्या काही गोळ्याही असं हृदय बिघडवतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी ही दाखवायची, असं बजावलं. आणि शेवटी म्हणाले की अहवाल तुमचा आहे, मी कुणाला फोन करणार नाही, पण मुलीला आणि भावाच्या मुलाला तुम्ही सांगायला हवं.

परत येताना सुप्याला चहाला थांबलो तिथे आपलं जुंपलं. मी म्हटलं, आज रात्रीच अजयला फोन करते आणि रेश्माला तू सांग. तू कप खाली ठेवलास.

‘रेश्माचं राहुरीला बोलणं चाललंय, म्हाईत हाय ना तुमाला?’

मी म्हटलं, म्हणूनच सांगायचं. लग्न झालं, बाळंतपण झालं, तर बाईला धोका जास्त. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले.

‘वहिनी, फिटवाली म्हनून मी पस्तीस वर्सं बसली. तुमी बघितलंय. तिला बी तसंच बसवू का? पोर आजवर येकदा पडल्याली न्हाई. लगीन हुंद्या. मंग तुमी जगाला सांगा.’

अजयला तरी सांगते म्हटलं, तर तू म्हणालीस की अजय दर आठवड्याला रेश्माशी बोलतो, त्याच्या पोटात काही राहत नाही. ते खरंच होतं. मी नाही म्हणत राहिले, तू रडत नव्हतीस, नुसती बघत होतीस. शेवटी मी शब्द दिला, लग्नापर्यंत. आपल्या दोघींच्या सगळ्या वादांत मी हरले असा हा एकच. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी तो पुन्हा काढला आणि प्रत्येक वेळी तू ‘शब्द दिलाय तुमी’ म्हणून संपवलास.

राहुरीच्या संदेशचं घर चांगलं. मुलगा दूध संघात नोकरीला, बोलायला मऊ. सगळं ठरलं आणि पहिली सूचना, म्हणजे पुकारा, वाचायचा रविवार आला. ईशान, तारा, आपल्या चर्चच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पाळकसाहेब मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात. या दोघांचा विवाह होऊ नये असं काही कारण कुणाला ठाऊक असेल तर त्याने सांगावं, असं विचारतात, आणि थोडं थांबतात. कुणी काही बोलत नाही. मग पुढचं गीत सुरू होतं.

त्या सकाळी मी तुला विचारलं होतं की मी तिथे बसून हे कसं ऐकू. तू केसाला तेल लावत होतीस. म्हणालीस, ‘हरकत आसंल त्यानं सांगायचंय. तुमाला हरकत हाय का?’

मला हरकत नव्हती. माझ्याकडे माहिती होती. मी तुझ्या आणि रेश्माच्या मध्ये बसले. पाळकसाहेबांनी वाचलं आणि थांबले. एवढ्या वर्षांत ती शांतता मला कधी इतकी लांब वाटली नव्हती. तू समोर क्रुसाकडे बघत होतीस आणि तुझी बोटं माझ्या मनगटावर होती, घट्ट. गीत सुरू झाल्यावर सोडलीस. त्यानंतर आपण दोघी नीट बोललोच नाही. मी जेवून नगरची बस धरली. तू निरोप द्यायला फाटकापर्यंत आलीस आणि पिशवीत लिंबं कोंबलीस. मी वळून पाहिलं नाही, कारण रागात होते.

त्याच आठवड्यात तुला जुलाब लागले. अंगातलं पाणी गेलं. तू गावातल्या दवाखान्यात गेलीस आणि डॉक्टरांनी सगळ्यांना देतात ती गोळी दिली. त्यांचा काही दोष नाही. ते गावात नवे, त्यांना तुझं काहीच माहीत नव्हतं. यादी तुझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. दवाखान्याच्या बाकांवर निम्मी सोनई बसलेली असते, त्यांच्यासमोर तो कागद कसा काढणार होतीस? दुसरा रविवार जवळ आला होता. शनिवारी सकाळी रेश्मा तुला चहाला उठवायला गेली. तिने तुझा अंगठा धरला. तो गार होता. तरी ती बराच वेळ धरून बसली, तू डोळे उघडशील म्हणून.

पुण्याच्या डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं. कापून पाहिलेलं नाही तेव्हा खात्रीने सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मग मी गोळीचं नाव वाचलं. ते नाव यादीत आहे, म्हणाले.

रविवारी, जिथे दुसरी सूचना वाचायची होती तिथे, तुझ्यासाठी प्रार्थना झाली.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनेला लोक जमले आणि तेच सुरू झालं, झोपेत गेली, भाग्याची. कुणीतरी रेश्मालाही ते म्हटलं आणि ती त्या बाईला ‘हो’ म्हणाली. तिथे माझा शब्द संपला, शालू. लोक गेल्यावर ती कपबशा विसळत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून सगळं सांगितलं, डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं त्याच क्रमाने. तिने नळ बंद केला.

‘आईने सांगू नका म्हटलं होतं?’

‘हो.’

‘आणि पुकारा झाला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, मामी.’

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होते? आठवडाभर तिने माझा फोन घेतला नाही. तुझ्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून तो सगळा राग माझ्या वाट्याला आला. तो मी घेतला. तो आपल्या दोघींचा होता.

मग एक दिवस ती न सांगता नगरला आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, रक्त कुठे द्यायचं. संदेशला तिने स्वतःच सांगितलं होतं. त्याने विचारलं, मुलांना होईल का. तिने निम्मं सांगितलं. घरी बोलतो, म्हणाला. त्याची आई येऊन गेली, चांगलं बोलली, तुझ्या फोटोपुढे प्रार्थना केली आणि जाताना म्हणाली की पाळकसाहेबांना थोडं थांबायला सांगितलं आहे. ते थोडं अजून संपलेलं नाही. संदेशचा फोन आधी दोन दिवसांनी यायचा, मग आठवड्याने, आता येत नाही.

रेश्माचा अहवाल आला. माझ्याच टेबलावर उघडला. तिला इंग्रजी येतं, तरी मला वाचा म्हणाली. मी वाचलं. ‘आईसारखंच?’ म्हणाली. ‘आईसारखंच,’ मी म्हटलं. ती उठून खिडकीशी गेली, खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती ती बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, जेवायला काय आहे. जेवली. दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू केली.

म्हणजे तुझं खरं झालं, शालू. सांगितलं आणि लग्न अडलं. माझंही खरं झालं. आपण दोघीही बरोबर होतो आणि त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही. रात्री मी तुझ्याशी हेच भांडते. लग्न होऊ दिलं असतं, मूल होऊ दिलं असतं, आणि मग? तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं.

अजयला मी सांगितलं. तो म्हणाला, आई, मी आजवर एकदाही पडलो नाही, आणि बाबांना हे होतं कशावरून? कशावरूनच नाही. दादांचं रक्त कुणी तपासलं नाही, आणि आता तपासता येणार नाही. वेळ मिळाला की बघतो, म्हणाला. तो तुझ्यासारखाच आहे, गोड बोलून टाळतो. म्हणून ईशान, तारा, मी आता तुम्हाला सांगते. तुमच्या बाबांना घेऊन जा. ते नाही म्हणाले तर पुन्हा सांगा. तुम्ही दोघं पोहायला जाता, पळता, मोठ्या आवाजात गाणी लावता. शनिवारच्या फोनवर दिसते ती तुमची खोली रोज माझ्या डोळ्यांपुढे येते. एक आजी काळजी करते म्हणून जाऊ नका. शालूआजी गेली म्हणून जा.

गेल्या रविवारी मी सोनईला गेले. उपासनेआधी रेश्मा पाळकसाहेबांकडे गेली आणि त्यांच्याशी हळू आवाजात काही बोलली. त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला. मग सूचना वाचायची वेळ आली. सणाच्या वर्गणीचं झालं, युवक संघाच्या सभेचं झालं. त्यानंतर त्यांनी रेश्माने दिलेला कागद उघडला. आपल्या मंडळीतली बहीण शालिनी हिला हृदयाचा एक आजार होता, असं त्यांनी वाचलं. तो रक्तातून येतो. तिच्या मुलीलाही तो आहे. शालिनीच्या वडिलांच्या घराण्यातलं जे कुणी या मंडळीत असेल, आणि ज्यांच्या घरात कुणी अचानक पडत असेल, त्यांनी तपासून घ्यावं, रेश्मा त्यांच्याबरोबर दवाखान्यात येईल. वाचून झाल्यावर ते थांबले, सवयीने. कुणी काही बोललं नाही. माझ्या शेजारी रेश्मा ताठ बसली होती. तिच्या मागण्या आता येणार नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि त्या बाकांवरच्या प्रत्येकाला.

बाहेर आलो. लोक एकमेकांना सलाम करत होते, आम्हालाही केला, पण थोडं लांबून. आम्ही दोघी निंबाखाली उभ्या राहिलो. मी तिला चल म्हणाले, तर थांबा म्हणाली. गर्दी पांगत आली तेव्हा तुझी चुलत बहीण कमल, ती मागच्या गल्लीतली, जिच्याशी तू पाण्यावरून बोलणं टाकलं होतंस, ती आली. नातीला दंडाला धरून पुढे ढकलत होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

‘ही बी पडती गं,’ ती रेश्माला म्हणाली. ‘कुकर वाजला की पडती. आमी फिटच्या गोळ्या देतो.’

रेश्मा त्या मुलीसमोर धुळीतच उकिडवी बसली आणि तिला विचारलं, ‘कधीपासून गं?’